मैदानाची चावी कुणाकडे?

प्रति,
आमच्या गावचे सरपंच आणि पंच मंडळी,
शाळेचं व्यवस्थापन,
आणि राज्यात खेळांचा कारभार पाहणारे लहानमोठे सगळे,

स. न. वि. वि.

तुम्हा तिघांना एकाच पत्रात बांधते आहे याचा राग मानू नका. वेगवेगळं लिहून झालं. पंचायतीला दोन अर्ज दिले, शिक्का मारलेल्या पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत. शाळेला एक दिला. एका सरकारी कचेरीत जाऊन आले, तर तिथल्या माणसाने चहा पाजला आणि म्हणाला, ‘बाय, हा विषय पंचायतीचा.’ पंचायतीत विचारलं तर ‘टीचर, हे वरून ठरतं.’ वरच्या आणि खालच्या या टोलवाटोलवीत आमच्या वाड्यावरची मुलं वर्षभर रस्त्यावर उभी आहेत. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

आधी माझा संबंध काय ते सांगते. मी डिचोली तालुक्यातली. 29 वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलांच्या भाषेत पीटी टीचर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बाजारात भाजी घेताना मागून कुणी मिशीवाला बाप्या ‘टीचर’ म्हणून हाक मारतो आणि मी सवयीने आधी त्याच्या पायांकडे बघते, चप्पल आहे की बूट. खो-खो शिकवला, अॅथलेटिक्स शिकवलं, आणि गोव्यात राहून जे टळत नाही ते, म्हणजे फुटबॉल, तोही शिकवला, ऑफसाइडच्या नियमावर मुलांकडून बोलणी खात खात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. चवथ होऊन पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी दूध आणायला निघाले होते. मैदानाच्या जाळीबाहेर सातआठ मुलं. त्यातला सगळ्यात लहान, तिसरी-चौथीतला असेल, पालथा पडून जाळीखालून हात आत घालत होता. हातात काठी, काठीच्या टोकाला चपलेचा तुटका बंद बांधलेला. आत दहा हातांवर चेंडू. ‘कितें रे?’ विचारलं. ‘टीचर, बॉल भितर उरला. चावी पंचाकडे आसा.’ पंचांना फोन लावला, ते कामाला पणजीला गेले होते.

मुलं खेळत होती रस्त्यावर. मैदान रिकामं होतं. चेंडू उडून मैदानात पडला, म्हणून खेळ थांबला. माझ्या नोकरीत चेंडू मैदानाबाहेर गेला की खेळ थांबायचा.

हे मैदान मैदान होण्याआधी पड होती. पावसाळा सरला की वाड्यावरची पोरं कोयते घेऊन कमरेएवढं गवत कापायची, चुन्याच्या पाण्याने रेषा मारायची. गोलपोस्ट म्हणजे पोफळीचे दोन सोट. वरच्या अंगाला आमच्या मुलींचा खो-खो, त्याचे खांबही पोफळीचेच. उंच उडीला गादी नव्हती, तर शेजारच्या भाटात भात मळून झालं की पेंढा मागून आणायचा आणि त्याची रास घालायची. त्या पेंढ्यावर उड्या मारत एक मुलगी राज्य पातळीपर्यंत गेली. पहिल्यांदा खऱ्या गादीवर पडली तेव्हा म्हणाली, ‘टीचर, हे टोचत नाही.’ मैदानाला तेव्हा गेट नव्हतं, त्यामुळे कुलूप नव्हतं, त्यामुळे चावीचा प्रश्नच नव्हता.

मग ‘सुशोभीकरण’ झालं. जाळी आली, लोखंडी गेट आलं, चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब आले, एका बाजूला पेव्हर घालून पार्किंग झालं. कोनशिलेवर सात नावं आहेत. सातांपैकी एकालाही मी तिथे धावताना पाहिलेलं नाही. मात्र त्यात माझा एक विद्यार्थी आहे आणि तो शाळेत असताना पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसायचा, हे इथे लिहायला हरकत नसावी. उद्घाटनाला मीही टाळ्या वाजवल्या. दिवे लागले तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कुलूप. कारण काय, तर गुरं शिरतात. नंतर कारण बदललं, मुलं जाळी मोडतात. आता ग्रामसभेत ठराव यायचा आहे तो असा: मैदान ठेकेदाराला चालवायला द्यायचं, त्याने त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरायची आणि ताशी भाडं घ्यायचं. बोलला जाणारा दर 800 रुपये आहे, दिवे लावले तर जास्त. गावाला उत्पन्न मिळेल, मैदानाची निगा राहील, असं तुमचं म्हणणं. ठरावाची कुणकुण लागली त्या दिवशी मी हे पत्र लिहायला घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, गावच्या मैदानाच्या कुलपासाठी एवढा कागद कशाला? सांगते. त्याच आठवड्यात टीव्हीवर चर्चा चालली होती की भारत खेळातलं मोठं राष्ट्र कसा होणार. 2030 चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला होणार आहेत. 2036 च्या ऑलिंपिकसाठी आपण ऑक्टोबर 2024 मध्ये रीतसर इच्छापत्र दिलं आहे. चर्चेतले सगळे स्टेडियमबद्दल बोलत होते, कोट्यवधींबद्दल बोलत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती चपलेचा बंद बांधलेली काठी.

टोकियोत आपल्याला 7 पदकं मिळाली, पॅरिसमध्ये 6, त्यात सोनं एकही नाही. दर चार वर्षांनी एकच वाक्य ऐकू येतं: 140 कोटींच्या देशाला एवढीच? माझ्या मते हा भागाकारच चुकीचा आहे. भागायला 140 कोटी घेऊ नका. ज्या मुलांना आठवड्यातून चार संध्याकाळी मोकळं मैदान मिळतं आणि तिथे चूक दाखवणारं कुणी मोठं माणूस असतं, तेवढीच मुलं घ्या. त्या आकड्याने भागलंत तर पदकांचं आश्चर्य वाटणार नाही.

आणि नुसत्या पदकांवरही मी जाणार नाही. पूर्व जर्मनी नावाचा एक देश होता, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आत. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्याने 40 सुवर्णपदकं मिळवली, अमेरिकेपेक्षा जास्त. पुढे कळलं की सरकारच कोवळ्या मुलींना औषधं देत होतं. कित्येकींची शरीरं त्यापायी कायमची बिघडली. पदकतक्त्यात दुसरा नंबर होता त्या देशाचा. त्याला मोठं क्रीडाराष्ट्र म्हणायला माझी जीभ वळत नाही.

उलट आइसलँड बघा. 2016 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला 2-1 हरवलं तेव्हा त्या देशाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत होती. 2011 च्या जनगणनेनुसार आपण गोंयकार 14 लाख 58 हजार, म्हणजे चार आइसलँड भरतील. वर्षातले कितीतरी महिने तिकडे बर्फ आणि काळोख. त्यांनी काय केलं? छप्पर असलेली उबदार मैदानं बांधली, शाळांशेजारी छोटी छोटी मैदानं केली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांनाही शिकवायला परवानाधारक, पगारी प्रशिक्षक ठेवले. त्या सामन्यातल्या आइसलँडच्या दोन मुख्य प्रशिक्षकांपैकी एक दातांचा डॉक्टर होता. आपल्याकडे प्रशिक्षक मोठ्या संघाला मिळतो. लहानग्यांना जो कोण मोकळा असेल तो.

तुम्हाला आइसलँड लांबचं वाटत असेल तर आफ्रिकेजवळचा बेटांचा देश, केप व्हर्दे घ्या. आपल्यासारखंच पोर्तुगिजांच्या अमलाखाली होतं, आपण सुटल्यावरही जवळजवळ 14 वर्षं. 2014 मध्ये लुसोफोनिया खेळ, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांच्या स्पर्धा, आपण गोव्यात भरवले तेव्हा त्यांचा झेंडा इथे फडकला होता. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांनी 2026 च्या फुटबॉल विश्वचषकात जागा मिळवली. त्यांच्या संघातले बरेच खेळाडू परदेशात वाढलेल्या कुटुंबांतले आहेत, हे खरं. पण परदेशात वाढलेल्या मुलांची गोंयकारांकडे तरी काय कमी आहे?

आणि सेंट लुसिया. पॅरिसमध्ये 100 मीटर जिंकणारी ज्युलियन आल्फ्रेड त्या बेटावरची. लोकसंख्या पावणेदोन-दोन लाख, आपल्या दोन तालुक्यांएवढी. जिंकल्यावर ती काय म्हणाली आठवतं? लहानपणी शाळेच्या गणवेशात, अनवाणी धावत होते, आणि आमच्याकडचं स्टेडियम अजून दुरुस्त झालेलं नाही. सुवर्णपदक गळ्यात असताना आपल्या सरकारला तिने एवढं ऐकवलं. पण एक गोष्ट विसरू नका, ती 14 वर्षांची असताना शिकायला जमैकाला गेली. जमैकात शाळांच्या अॅथलेटिक्स स्पर्धा 1910 पासून चालत आल्या आहेत, ‘चॅम्प्स’ म्हणतात त्यांना, आणि शाळकरी मुलांच्या शर्यती बघायला तिथे स्टेडियम भरतं. आपल्याकडे तालुका पातळीच्या स्पर्धेला आलेल्या पालकांची संख्या मी दरवर्षी मोजायची. दोन्ही हातांची बोटं कधी पुरी लागली नाहीत.

घर सोडून गेल्यावर मोठं होण्याची ही गोष्ट आपल्याही ओळखीची आहे. दिलीप सरदेसाई मडगावचे. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर कसोटींत 642 धावा केल्या. पण ते क्रिकेटपटू झाले ते मुंबईत, पोर्तुगिजांच्या गोव्यात तशी सोयच नव्हती. वेस पेस यांचा जन्म गोव्यातला, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं ब्राँझ मिळवलेल्या संघात ते होते. त्यांचा मुलगा लिअँडर याने 1996 मध्ये टेनिसचं ब्राँझ आणलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर एकट्याच्या जोरावर पदक मिळवायला भारताला 44 वर्षं लागली आणि तो मुलगा वाढला कोलकात्यात. रक्त आपलं, मैदान दुसऱ्याचं. आपण मात्र ‘आमचाच’ म्हणून सत्काराला शाल घेऊन पुढे.

गावात राहूनही मोठं होता येतं, हेही गोव्यानेच दाखवलंय. 1883 मध्ये शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी फुटबॉल आणला असं सांगतात. तो पसरला शाळांतून आणि कापणी झालेल्या शेतांतून. ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, भारताचे कर्णधार झाले. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात हंगाम देशाचं साखळी विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही: चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. पंधरा लाखांच्या आतलं राज्य, आणि सात वर्षं सगळा देश आपल्या मागे. 2012 मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला गेला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय साखळीतून, अंग काढून घेतलं. देशाच्या फुटबॉल महासंघाच्या आराखड्यावरून वाद होता, त्यात मी पडत नाही. मी एवढंच बघितलं की त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत माझ्या शाळेतल्या मुलांच्या जर्सीवरची नावं बदलली. मडगाव-वास्कोच्या क्लबांच्या जागी माद्रिद आणि मँचेस्टर आलं. खेळणाऱ्या मुलाला पुढची पायरी डोळ्यांना दिसावी लागते. माद्रिदची पायरी डिचोलीतून दिसत नाही.

37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचंही बोलते, नाहीतर म्हणाल टीचर एकाच बाजूने बोलतात. 36 वी स्पर्धा आपल्याकडे व्हायची होती, ती लांबत गेली, शेवटी 2022 मध्ये गुजरातने भरवली, आणि आपल्या वाट्याला 37 वी आली, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023. मोगा नावाचा गवा शुभंकर होता, चाळीसहून जास्त खेळ होते, महाराष्ट्र पहिला आला आणि गोव्याने 27 सुवर्णांसह 92 पदकं मिळवली. मला अभिमान वाटला, नाही कसा वाटणार! शेजारची चार मुलं गाडीत कोंबून मी एक दिवस सामने बघायला नेली. नवी कोरी लाकडी जमीन, चकाकती. त्यातल्या एकीने हात लावून बघितलं आणि विचारलं, ‘टीचर, हे लोक गेल्यावर आमी हांगा खेळूं येता?’ मी हो म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. तिच्या घरापासून ती जागा 30 किलोमीटर, संध्याकाळच्या बसने जायचं तर परतीची बस नाही. ती मुलगी आता नववीत आहे आणि काही खेळत नाही.

तेव्हा आता माझ्या तक्रारी, एकेक.

पंच मंडळींनो, पहिली तुमच्याकडे. मैदान गावाचं, पैसा सरकारचा, आणि चावी एका माणसाच्या खिशात. तो माणूस वाईट नाही, पण तो पणजीला गेला की गावाचा खेळ पणजीला जातो. गुरं शिरतात म्हणून तुम्ही मुलांना बाहेर ठेवलंत. गुरांना अडवायला फिरकी लावतात, माणूस आडवा होऊन आत जातो, गाय जात नाही. आमच्या देवळाला तशीच आहे, तुम्ही रोज तिच्यातून जाता. आणि ताशी 800 चं गणित मला पटवून द्या. संध्याकाळी सात ते नऊ नोकरी आटोपून आलेले तरुण वर्गणी काढून खेळतील, त्यांनी जरूर खेळावं, चाळिशीतल्या माणसाने धावणं हीसुद्धा खेळणाऱ्या देशाचीच खूण. पण त्यांच्यासाठी पाचवीतल्या पोराने चार वाजता कुठे जायचं? त्याच्या बापाची दिवसाची मजुरी किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मतदारयादी तुमच्याकडे आहे. कृत्रिम हिरवळ एप्रिलच्या दुपारी किती तापते ते एकदा अनवाणी उभं राहून बघा, आणि मग सांगा मुलांना अनवाणी खेळू देणार का. वर खो-खोचा खांब त्या हिरवळीत रोवता येत नाही. म्हणजे मुली आपोआप बाद.

मुलींवरून दुसरी. मैदानावर दिव्यांना पैसे मिळाले, पेव्हरना मिळाले, संडासाला मिळाले नाहीत. तुम्हाला हे पत्रात लिहिलेलं आवडणार नाही, पण 29 वर्षांत मी मुली सोडून जाताना बघितल्या त्या आठवी-नववीत, आणि दर वेळी घरचे सांगायचे ‘अभ्यास’. खरं कारण मुली मला कानात सांगायच्या. कपडे बदलायला आडोसा नाही, पाळी असली तर जायला जागा नाही, आणि गेटबाहेर पार्किंगमध्ये मोटारसायकलींवर बसून टिंगल करणारे. आडोशाच्या चार भिंती आणि नळाचं पाणी, एवढ्यावरून किती खेळाडू गेल्या ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

शाळेच्या व्यवस्थापनाला तिसरी. वेळापत्रकात पीटीचे तास आहेत, भिंतीवर लावलेले आहेत, तपासणीला दाखवले जातात. दहावीचे तर सप्टेंबरपासून गणिताला जातात. माझ्याच काळात जायचे, मी भांडायची, कधी जिंकायची, बहुतेक वेळा हरायची. तेव्हा हा दोष थोडा माझ्याही पदरात घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ का होईना माणूस हवा असं लिहिलंय. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज तासभर तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या शाळेत मैदान आहे. त्यावर नवीन वर्गखोल्यांची चिऱ्यांची रास तीन वर्षं पडून आहे.

पालकहो, तुम्ही या पत्राच्या पत्त्यात नाही, पण मधेच तुमच्याशीही बोलते. वर्षभर मैदानावर न फिरकलेले तुम्ही दहावीच्या जानेवारीत माझ्याकडे यायचात, ‘टीचर, खेळाच्या गुणांसाठी एखादं सर्टिफिकेट बघा ना.’ तीन मुलं कॅरमच्या एका स्पर्धेवर दहावीला गुण घेऊन गेली आणि त्यांना कॅरमची राणी कुठे ठेवतात ते ठाऊक नव्हतं. नॉर्वेत 11 वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत क्रमांकांचे तक्ते लावत नाहीत आणि 13 च्या आत राष्ट्रीय स्पर्धा नाही. पोर आधी खेळात रमू दे, असा हिशेब. तोच नॉर्वे, 55 लाखांचा, 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णांसह 37 पदकं घेऊन पहिला. आपण पाचव्या वर्षी मुलाला अकादमीत घालतो आणि बाराव्या वर्षी ‘आता पुरे’ म्हणतो.

आणि राज्याचा कारभार पाहणाऱ्यांनो, तुमच्याकडे. खेळ हा घटनेनुसार राज्यसूचीतला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवायची सोय तुम्हाला नाही. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आला; त्याची सुरुवात महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, 2009 मध्ये. पंधरा वर्षं लागली. पंधरा वर्षांत किती मंत्रिमंडळं येतात-जातात! म्हणून तर कुणाला बी पेरावंसं वाटत नाही, सगळ्यांना पेढे वाटायचे असतात. बुद्धिबळात आपल्याकडे अनुराग म्हामल, लिऑन मेंडोंसा, भक्ती कुलकर्णी झाले, 2025 चा बुद्धिबळाचा विश्वचषकही गोव्यात भरला. फार चांगलं झालं. पण बुद्धिबळाला कुलूप लावता येत नाही, पट घरात मावतो. धावायला जागा लागते.

तुम्ही तालुक्यांतून प्रशिक्षक नेमता, हे मला माहीत आहे. त्यातला एक माझा विद्यार्थी. कंत्राटावर होता, कंत्राट दर वर्षी नव्याने; दोनदा ते वेळेवर झालंच नाही, त्याने घरी बसून काढलं, तिसऱ्या वर्षी एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात जीवरक्षक म्हणून लागला. त्याच्याकडे शिकणारी 20-22 मुलं होती. आता कुणाकडे आहेत? कुणाकडेच नाहीत.

माझं मागणं मोठं नाही.

पंचायतीने मैदान ठेकेदाराला देण्याचा ठराव मागे घ्यावा. उत्पन्न हवंच असेल तर रात्री सातनंतरच्या वेळेचं भाडं घ्या, दुपारी साडेतीन ते सात हे तास 18 वर्षांखालच्या मुलांसाठी फुकट आणि उघडे ठेवा, आणि तसं गेटवर रंगाने लिहा. कुलपाला तीन चाव्या करा: एक पंचायतीत, एक शाळेत, एक मैदानासमोरच्या दुकानात. दुकानदाराला मी विचारलं आहे, तो तयार आहे. त्याला एवढंच हवंय की मुलांनी काचेवर चेंडू मारू नये. फिरकी लावा. जमीन मातीचीच ठेवा, वर्षातून एकदा रोलर फिरवा. पुढच्या निधीतून आधी मुलींसाठी दोन खोल्या आणि पाणी, मग दुसरं काहीही.

शाळेने पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला तर त्या दिवशी फळ्यावर तसं लिहावं, कुणाला दिला आणि कधी भरून काढणार तेही. मी आणखी काही मागत नाही, लिहा फक्त. आणि ते चिरे उचला.

राज्याने प्रशिक्षकांची नेमणूक निदान पाच वर्षांची करावी. 2023 च्या स्पर्धेसाठी बांधलेल्या आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेच्या दारावर आठवड्याचं वेळापत्रक लावावं: कुठल्या वेळी कोण खेळतं, शाळेच्या मुलांसाठी कोणते तास, शुल्क किती. गावातून तिथे येणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळची एक परतीची बस, तालुक्याला एक.

माझी स्वतःची तयारीही सांगते, नुसतं मागणारी मी नाही. सोमवार ते शुक्रवार साडेचार ते सहा मी मैदानावर येईन, पगार नको. गुडघे कुरकुरतात, पण शिट्टी वाजते. गावातले दोन जुने खेळाडू, एक फुटबॉलचा, एक व्हॉलीबॉलचा, शनिवारी यायला राजी आहेत. जबाबदारीचा कागद हवा असेल तर सही करून देते.

ग्रामसभा येत्या रविवारी आहे. मी येणार, बोलायला पाच मिनिटं द्या. त्याआधी शनिवारी दुपारी चार वाजता मी मुलांना घेऊन गेटपाशी उभी असेन. त्या दिवशीचा चेंडू अजून आतच आहे, गोलपोस्टच्या मागे, गवतात. कुणाच्या तरी हाती चावी पाठवा.

आपली,
गावातली निवृत्त पीटी टीचर